पाळी लांबली आहे, प्रेग्नन्सी किटवर दोन तासांनी पुसट रेघ दिसली. खरं काय समजू?

चाफा
पहिल्यांदाच लिहितेय. वय २९, लग्नाला अडीच वर्षं झाली. वाईपासून आत एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पहिलीचा वर्ग. नवरा चाकणला कंपनीत आहे, शनिवारी रात्री घरी येतो. आठ महिने झाले आम्ही वाट बघतोय.

शेवटची पाळी २ जूनला आली. माझी पाळी कधी ३० दिवसांनी, कधी ३६, एकदा तर ३९ दिवसांनी आली होती. आज ६ जुलै, म्हणजे ३५वा दिवस. ३ तारखेला शाळेतून आल्या आल्या न राहवून पहिलं किट वापरलं. एकच रेघ. रात्री उशीत तोंड खुपसून रडले. ४ तारखेला तपकिरी डाग दिसला, टिकलीएवढा. वाटलं, आलीच. पण पुढे काही नाही. म्हणून काल पहाटे दुसरं किट. मोबाइलवर पाच मिनिटं लावून बसले, पुन्हा एकच रेघ. ते तसंच खिडकीत ठेवून आंघोळ, पोळ्या उरकल्या आणि टाकून द्यायला उचललं तर टी या अक्षरापाशी दुसरी रेघ! करडी, अगदी पुसट, उजेडाकडे तिरकं धरलं तरच दिसते.

छाती दुखतेय, ब्लाउजचा स्पर्शही नको वाटतो. घरात लसणाची फोडणी पडली की मी ओसरीवर जाऊन उभी राहते. दुपारच्या सुट्टीनंतर फळ्यापाशी उभं राहवत नाही. सासूबाईंनी परवा विचारलंच, "काय गं, दिवस गेलेत का?" मी मान खाली घालून भाजी निवडत राहिले. गावातलं मेडिकल सासऱ्यांच्या ओळखीचं, त्यामुळे किट वाईच्या स्टँडजवळून आणावं लागतं.

ती रेघ धरायची का? मागच्या आठवड्यात दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं होतं, त्याने उत्तर चुकतं का? आणि खोटी आशा लावून घ्यायची नसेल तर किती दिवस थांबू?

अबोली
चाफा, तुझं वाचून माझे नाशिकचे ते दिवस आठवले. माझीही पाळी अशीच पुढेमागे. ३१व्या दिवशी किट, नाही. ३६व्या दिवशी किट, नाही. आता काही नाहीच असं धरून मी दोन दिवस प्रवासाला जाऊन आले. ४४व्या दिवशी सकाळी दोन ठसठशीत गुलाबी रेघा. मुलगी आता बालवाडीत जाते.

तेव्हा डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं, तेच तुला सांगते, कारण हे कुणी धड सांगतच नाही. आपण दिवस मोजतो पाळीपासून, पण किटला पाळीशी काही देणंघेणं नाही. त्याला घेणं बीज कधी सुटलं याच्याशी. २८ दिवसांची पाळी असलेल्या बाईचं बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटतं. तुझी ३८ दिवसांवर जाणारी असेल तर ते चोविसाव्या दिवशीही सुटू शकतं. पाळी लांबते ती बहुतेक वेळा बीज सुटण्याआधीच्या दिवसांत, नंतरचे दोन आठवडे फारसे हलत नाहीत. बीज फळलं तरी ते गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला सहा ते बारा दिवस जातात, बहुतेकींचं आठ ते दहा दिवसांत. रुजल्यावर एचसीजी नावाचं हार्मोन रक्तात यायला लागतं, मग लघवीत. त्याआधी किट काय दाखवणार?

म्हणजे तुझं बीज २५ जूनच्या सुमारास सुटलं असेल तर ३ तारखेला जेमतेम आठ दिवस झाले होते. कदाचित तेव्हा रुजलंही नसेल. त्या रात्रीचं रडणं तुझ्या वाट्याला यायलाच नको होतं गं.

लक्षणांचं सांगते, राग मानू नकोस. छाती दुखणं, गळून जाणं, सारखं लघवीला लागणं हे बीज सुटल्यावर वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉनमुळेही होतं. दिवस गेले असोत वा नसोत, ते हार्मोन दर महिन्याला वाढतंच. मळमळ आणि कोरड्या ओकाऱ्या साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात. तुला लसूण नकोसा होतोय हे खरंच आहे, पण त्यावरून हो किंवा नाही ठरवू नकोस.

लॅबमधली
मी अकरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. तुझी करडी रेघ धरू नकोस.

किटच्या आत पट्टी असते, तिच्यावर एचसीजी पकडणारी प्रतिद्रव्यं असतात, रंगीत कणांना चिकटलेली. लघवी पट्टीवरून पुढे सरकते, एचसीजी असेल तर ते कण टीपाशी अडकतात आणि गुलाबी रेघ उमटते. सी पाशी रेघ येते ती फक्त किट चालू आहे हे सांगायला. ती आली नाही तर ते किट फुकट गेलं, दुसरं घ्यायचं. आता पट्टी वाळली की टीच्या जागी पाणी उडून करड्या सावलीसारखी खूण राहते. म्हणून पाकिटावर जितक्या मिनिटांत बघायला सांगितलंय तितक्यातच बघायचं आणि नंतर फेकून द्यायचं. मुदतीत आलेली गुलाबी रेघ कितीही फिकी असली तरी ती दखल घेण्यासारखी. दोन तासांनी आलेली करडी, तिचा विचार नको.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर केलंस, दिवसभर पाणी, चहा पिऊन लघवी पातळ झालेली असते. पहाटेची पहिली घट्ट असते. आपल्याकडची बरीच किट एचसीजी २५ मिलि-युनिटच्या पुढे गेलं की रेघ दाखवतात. रुजल्यावर सुरुवातीला एचसीजी साधारण दोन ते तीन दिवसांत दुप्पट होतं. म्हणजे ५ तारखेला १० असेल तर किट नाहीच म्हणणार, आणि चार दिवसांनी तेच किट हो म्हणेल. किट खोटं बोललं नाही, विचारलं लवकर गेलं.

अँटिबायोटिकने उत्तर बदलत नाही. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल किंवा नुकताच गर्भपात झाला असेल तर दिवस नसतानाही रेघ येऊ शकते. तुझं तसं काही दिसत नाही. मात्र दाढेच्या गोळ्यांची चिठ्ठी जपून ठेव, डॉक्टरांना दाखवायची.

९ तारखेला पहाटे नवीन किट कर. पाकीट आधी फोडून ठेवू नकोस, ओल लागते, आणि या दिवसांत तुमच्याकडे हवा किती दमट असते ते मला माहीत आहे. मुदतीची तारीख बघ. ड्रॉपरने सांगितलेत तेवढेच थेंब, सपाट जागी. उलगडा नाहीच झाला तर रक्ताची बीटा एचसीजी तपासणी कर. ५ च्या खाली नाही, २५ च्या वर हो, मधलं आलं तर ४८ तासांनी पुन्हा, आणि त्याच लॅबमध्ये.

निशिगंध
सगळ्या चांगलं सांगताहेत, मला फक्त एक जोडायचंय. माझ्या किटवर फिकट पण गुलाबी रेघ आली होती. आठवड्याने थोडं रक्त गेलं, मी पाळीच समजले. डाव्या ओटीपोटात टोचत होतं, तेही पाळीचंच धरलं. दुसऱ्या दिवशी खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं आणि न्हाणीघरात घेरी येऊन पडले. गर्भ नळीत रुजला होता, नळी फुटली होती. रात्री ऑपरेशन झालं, दोन पिशव्या रक्त लागलं.

एचसीजी आहे एवढंच किट सांगतं, गर्भ कुठे बसलाय ते त्याला कळत नाही. रेघ आल्यावर एका बाजूला दुखलं, रक्त गेलं, खांदा दुखला किंवा चक्कर आली तर शनिवारची, नवऱ्याची वाट बघायची नाही. सासूबाईंना सांग आणि निघ.

आशाताई_पुरंदर
ताई, स्टँडवर हेलपाटे कशाला? तुमच्या गावातल्या आशाकडे विचारा, सरकारचं निश्चय किट मोफत मिळतं. आम्ही कुणाचं नाव बाहेर काढत नाही. आणि मीठ, साखर, टूथपेस्ट घालून बघायचे प्रकार करू नका, त्याला काही अर्थ नाही. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र रेघेची वाट न बघता डॉक्टरांना विचारून आजच सुरू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम लागतं.

चाफा
सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. ९ जुलैला पहाटे किट केलं. तिसऱ्या मिनिटाला रेघ आली, फिकी, पण गुलाबी. मी ती सी च्या रेघेशेजारी धरून किती वेळ बघत होते. त्याच दिवशी वाईला रक्त दिलं, ९१ आलं. ११ तारखेला त्याच लॅबमध्ये १९८.

निशिगंध ताई, तुमचं वाचून मी त्या रात्रीच सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून देवापाशी दिवा लावला.

काल, २४ तारखेला सोनोग्राफी झाली. पाळीच्या तारखेने ७ आठवडे ३ दिवस व्हायला हवे होते, मशीनवर ६ आठवडे १ दिवस आले. पहिल्यांदा काळजात धस्स झालं, मग अबोलीताईंचा २५ जून आठवला. डॉक्टरही तेच म्हणाल्या, बीज उशिरा सुटलं, बाकी सगळं ठीक आहे. गर्भ गर्भाशयातच आहे. ठोके दिसले, पडद्यावर अगदी बारीक लुकलुकत होतं. तारीख ९ मार्चऐवजी १८ मार्च धरलीय. दाढेच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवली, काळजीचं काही नाही म्हणाल्या.

लसूण अजून सोसत नाही. सासूबाई आमटीला जिऱ्याची फोडणी देतात.