वारासला चार दिवस पुरतील का?

प्रश्न: आम्ही नाशिकचे चौघे मे महिन्यात पेरूतील वारास या गावी जाणार आहोत. वास्करान राष्ट्रीय उद्यान आणि चाविन दे वांतारचे अवशेष चार दिवसांत पाहून होतील का?

उत्तर १: वारास सुमारे ३,०५० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंच आहे, त्यामुळे विरळ हवेची सवय होईपर्यंत, म्हणजे पहिल्या दिवशी, जवळच्या विल्कावाइन या प्राचीन अवशेषांपलीकडे जाऊ नये आणि सुमारे ४,६०० मीटरवरील ‘लगुना ६९’ हे सरोवर शेवटी ठेवावे.

उत्तर २: चाविनला मात्र पूर्ण दिवस द्यावा. तुमच्या नाशिकची पांडवलेणी कातळात कोरलेली आहेत, तर चाविनची अंधारी भुयारे दगड रचून बांधलेली असून, त्यांत सुमारे साडेचार मीटर उंचीचा ‘लांझोन’ हा कोरीव स्तंभ आजही मूळ जागीच उभा आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मुक्काम एका दिवसाने वाढवतो.