ठाण्यात जुने मराठी सिनेमे थिएटरात लावतोय, पण पडद्यावर डोकी कापली जातात. काय करावं?

फ्रेमवाला_नौपाडा

नमस्कार मंडळी. नौपाड्यात माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. घराजवळच्या एकपडदा थिएटरच्या मॅनेजरांच्या मी वर्षभर मागे लागलो होतो. रविवारी सकाळी हॉल रिकामाच असतो, तर महिन्यातून एकदा जुना मराठी सिनेमा लावू या, असं माझं म्हणणं. शेवटी ते तयार झाले. थिएटरचं नाव लिहीत नाही. त्यांनी विश्वासाने हॉल दिला आहे, त्यांची बदनामी मला करायची नाही.

पहिला खेळ 'संत तुकाराम'चा लावला, प्रभातचा, १९३६ सालचा. मराठी ग्रंथ संग्रहालयात पत्रक लावलं, तलावपाळीवर फिरायला येणाऱ्यांना हातात दिली, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. चौसष्ट माणसं आली. दुसऱ्या रांगेत एक आजी होत्या. विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या रूपात पडद्यावर दिसले तशा त्यांनी चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या आणि शेवटपर्यंत तशाच अनवाणी बसल्या.

पण चित्र बघवेना. जिजाईचं कपाळ वरून कापलेलं, खाली पाय गायब. मध्यंतरात प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, "काका, पडदा पूर्ण भरला नाही तर लोक ओरडतात." मी म्हटलं, काहीही कर पण कापू नकोस. तर दुसऱ्या अर्ध्यात त्याने चित्र ताणून पडदा भरला. सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसायला लागली. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात तो गरुडही फताडा.

मी फ्रेम बांधताना फोटोची सूतभर कड दाबली जाणार असेल तरी गिऱ्हाइकाला आधी विचारतो. इथे दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी आखलेली चौकट आम्ही कापली, ताणली, आणि त्याचे पैसे घेतले. चार दिवस मला नीट झोप नाही.

पुढचा 'कुंकू' लावायचा आहे. चित्र मूळ मापात कसं दाखवायचं? चांगली प्रत कुठून आणायची? आम्ही विकत मिळणारी डिस्क लॅपटॉपवरून लावली होती. आणि परवानगीचं काय असतं?

केबिनमधला_माणूस (कळवा)

अहो दादा, मी तीस वर्षं केबिनमध्ये काढली. कार्बनच्या कांड्यांपासून झेनॉनच्या दिव्यापर्यंत सगळं चालवलंय. रिळं बंद झाली तेव्हा थांबलो.

तुमचा आजार सोपा आहे. बोलपटांच्या त्या काळात चित्राची उंची १ धरली तर रुंदी साधारण १.३७. आजचा पडदा एक तर १.८५ चा किंवा २.३९ चा. १.८५ ची रुंदी भरायला गेलात की चित्राचा चौथा हिस्सा वरखाली उडालाच. २.३९ वर तर चाळीस टक्क्यांहून जास्त जातो. म्हणून डोकी कापली.

आमच्या वेळी प्रत्येक मापाची लेन्स वेगळी, आणि प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या खिडकीत, सरकवायची पत्र्याची प्लेट वेगळी. जुना सिनेमा आला की लेन्स बदलायची, प्लेट बदलायची आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचे काळे पडदे आत ओढून घ्यायचे. आता लेन्स बदलायची गरज नाही. डीसीपी मिळवा, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवर चालणारी सिनेमाची डिजिटल प्रत. टू-के फ्लॅटची, म्हणजे १.८५ च्या मापाची, चौकट १९९८ बाय १०८० ठिपक्यांची असते, तिच्यात जुनं चित्र १४८० बाय १०८० मध्ये बसतं आणि बाजूला काळं राहतं. सर्व्हरवर 'फ्लॅट' निवडा आणि पुढे काही छेडू नका. लॅपटॉपच लावायची वेळ आली तर आधी झूम आणि स्ट्रेच दोन्ही बंद आहेत का बघा. पोराला रागावू नका, त्याने जन्मात चौकोनी सिनेमा लावलेला नसेल. त्याला शेजारी बसवून दाखवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण 'कुंकू' लावताय म्हणून सांगतो. आवाज. त्या सिनेमात शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वापरलेलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे खरेखुरे आवाज आहेत, आणि ते घड्याळ. तो आवाज एकाच वाटेचा, म्हणजे मोनो. तो फक्त पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून आला पाहिजे. चहूबाजूंनी सोडलात तर विहिरीत बोलल्यासारखं होतं. आणि एसीचा घरघराट असेल तर हॉल आधी गार करून घ्या आणि सिनेमाभर पंखा सगळ्यात कमी ठेवा. त्या सिनेमातल्या शांततेला अर्थ आहे, ती ऐकू यायला हवी.

ऐरोलीची_मेघना

फ्रेमवाले काका, मी त्या चौसष्टातली नाही याचं फार वाईट वाटतंय. मी निघाले होते. आईला घेऊन ऐरोली स्टेशनवर पाऊण तास उभी होते, ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक. शेवटी घरी परतलो. साडेदहाचा खेळ म्हणजे नेमका ब्लॉकच्या तोंडावर. कृपा करून साडेनऊला ठेवा, नाहीतर शनिवारी. नवी मुंबईतून यायला आम्ही बरेच जण तयार आहोत, पण गाडीच नसेल तर म्हातारी माणसं कशी आणायची?

आणि मध्यंतर कुठे घेतलंत? माझ्या आईसारख्यांना मध्यंतर लागतंच, पण ते अभंगाच्या मध्ये कापू नका. आधी एकदा सिनेमा बघून प्रसंग संपतो ती वेळ कागदावर लिहून केबिनमध्ये द्या.

आईने 'संत तुकाराम' लहानपणी गावच्या जत्रेत तंबूत पाहिलाय. 'आधी बीज एकले' ती अजून म्हणते. तो अभंग तुकोबांचा नसून शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला, हे मी सांगितलं तर तिने माझ्याशी वाद घातला. तिला तो थिएटरात परत ऐकवायचा होता. पुन्हा लावाल का?

वाशीची_वाचक

मी बरीच वर्षं फिल्म सोसायटीचं काम केलंय, परवानगीचं तेवढं सांगते.

दुकानात मिळणाऱ्या डिस्कवर 'फक्त घरगुती वापरासाठी' असं छापलेलं असतं. तिकीट लावून ती दाखवू नका, यापुढे अजिबात नको. सिनेमा हक्कमुक्त असला तरी ज्यांनी प्रत तयार केली त्यांच्या अटी पाळाव्या लागतात.

आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्यामुळे १९३६ चा 'संत तुकाराम', १९३७ चा 'कुंकू', १९५३ चा 'श्यामची आई' हे मोकळे झालेत. १९७२ चा 'पिंजरा' नाही, तो लावायचा तर हक्कदारांना विचारावं लागेल. सेन्सॉरचं प्रमाणपत्र मात्र जुन्या सिनेमालाही हवंच, प्रतीसोबत त्याची झेरॉक्स मागून घ्या. पूर्वी ते दहा वर्षांपुरतं असायचं, २०२३ च्या दुरुस्तीने कायमचं केलंय.

प्रतीसाठी पुण्याला लिहा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालंय. पत्रात सिनेमा, तारीख, खुर्च्या किती, तिकीट किती आणि डीसीपी चालेल हे स्पष्ट लिहा. थिएटरच्या लेटरहेडवर पाठवलंत तर बरं. उत्तर आल्याशिवाय पत्रक छापू नका. आम्ही एकदा छापलं होतं, आणि दारात आलेल्या लोकांना परत पाठवताना मान वर करवत नव्हती.

एवढी खटपट का करायची, असं कुणी विचारलं तर त्यांना २००३ ची आठवण द्या. पुण्यात चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातसकट कितीतरी जुन्या सिनेमांची मूळ रिळं गेली. जे हाती उरलंय ते तरी पूर्ण चौकटीत दिसू दे.

फ्रेमवाला_नौपाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर छापून मी केबिनमधल्या मुलाला दिलं. काल रात्रीचा शेवटचा खेळ सुटल्यावर मॅनेजर, तो आणि मी असे तिघं टेप घेऊन पडद्यापाशी गेलो. उंची भरली वीस फूट, रुंदी सदतीस. म्हणजे पडदा १.८५ चा. जुनं चित्र वीस फूट उंचीत सत्तावीस फूट पाच इंच रुंद बसेल आणि दोन्ही बाजूंना पावणेपाच फुटांहून थोडी जास्त मोकळी जागा राहील.

लॅपटॉपवर झूम बंद करून दहा मिनिटं लावून पाहिलं. चित्र पूर्ण दिसलं. पण बाजूचं काळं हे काळं नव्हतं, राखाडी उजेड येत होता आणि डोळा तिकडेच जात होता. बाजूचे सरकते पडदे होते ते कधीच काढून टाकलेत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे तर माझंच रोजचं काम. लहान फोटो मोठ्या फ्रेममध्ये घालताना आपण फोटो ताणत नाही, भोवती माउंट लावतो.

आज सकाळी जांभळी नाक्याला जाऊन काळं मखमली कापड बघून आलो. पन्हा ४४ इंची आहे, म्हणून प्रत्येक बाजूला दोन पन्हे जोडून शिवावे लागतील. खाली वजनाला पट्टी घालतो आणि वर दुकानातल्याच लाकडी मोल्डिंगला कड्या लावून टांगतो, म्हणजे दुपारच्या खेळाआधी दहा मिनिटांत उतरवता येईल. मॅनेजर म्हणाले कापडाचे निम्मे पैसे थिएटर देईल.

वाशीच्या ताई, पत्राचा मसुदा रात्री लिहितो, एकदा नजर टाकाल का? मेघना, वेळ साडेनऊ पक्की. आणि 'कुंकू'आधी 'संत तुकाराम' पुन्हा लावतोय. पहिल्या खेळाच्या चौसष्ट जणांकडून तिकिटाचे पैसे घेणार नाही. त्या आजींचं घर चरईत आहे एवढंच कळलंय, शोधून निरोप देतो. तुमच्या आईंसाठी दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची ठेवतो.