मदत हवी आहे: ड जीवनसत्त्वाची पातळी आणि एमएस, ऋतूचा फरक कसा धरायचा?

२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (ड जीवनसत्त्वाचं रक्तात मोजलं जाणारं रूप) आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू व मज्जारज्जूचा आजार) यांवरचे अभ्यास एका तक्त्यात मांडायचे आहेत. एककाचा घोळ सोपा आहे: नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला २.५ ने गुणलं की नॅनोमोल प्रति लिटर. खरी अडचण ऋतूची. एकाच माणसाची पातळी उन्हाळा संपताना चढलेली, हिवाळा सरताना उतरलेली असते. रक्त कोणत्या महिन्यात घेतलं तेच लिहिलं नसेल तर तुलना फसते.

निदानानंतरचे नमुने मी घेत नाही. आजारामुळे उन्हात जाणं कमी होतं, मग कमतरता कारण की परिणाम हे कळत नाही. अमेरिकी सैनिकांच्या २००६ च्या अभ्यासात आजाराआधी साठवलेले नमुने होते, म्हणून तो फार मोलाचा.

महिना न नोंदवलेले अभ्यास सरळ वगळावेत, की वेगळ्या रकान्यात ठेवावेत? असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.