हातावर विणलेला मफलर जाळीदार का होतो?

प्रश्न, रत्नागिरीहून: सुयांशिवाय, हातांवरच जाड मफलर विणायचाय. १० टाके घातले, पण विण फारच सैल पडते.

उत्तर: टाके कोपराकडे सरकत असणार. तिथे हात जाड, म्हणून टाकाही मोठा. मनगटाशीच ठेवा, दर टाक्याला धागा ओढून घ्या. ८ टाके पुरेत. साधी लोकर ३-४ पदरी धरा, एकपदरी जाळीच होणार!

उत्तर, मालवणहून: मध्येच दार वाजलं तर टाके त्याच क्रमाने काठीवर उतरवा. शेवटी टाके बंद करताना हात सैल सोडा, नाहीतर कडा चुण्या घेते.

आणि आपल्या दमट हवेत ॲक्रिलिकच बरं. खरी लोकर पावसाळ्यात लवकर वाळत नाही, कुबट वास धरते. धुतल्यावर टांगू नका, लांबेल, चटईवर पसरा.