गीझर जळला, भरायचं कुणी?

भाडोत्री_३बी : परवा इथे एका मालकाने लिहिलं, "चावी दिल्यावर जे बिघडेल ते भाडेकरूने बघायचं, आम्ही धर्मशाळा उघडलेली नाही." तेव्हापासून डोकं सणकलंय. माझ्या फ्लॅटमधला गीझर २०१४ चा. गेल्या महिन्यात अंगाला साबण लावलेला आणि एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच, पडला. इलेक्ट्रिशियनने कॉइल बाहेर काढली तर क्षाराचा असा थर की आत कॉइल आहे हे त्याने सांगावं लागलं. मालक म्हणतात तुम्ही वापरला, तुम्ही भरा. अहो, वापरायलाच दिलात ना? आणि नवा घेतला तर जाताना तुमच्या भिंतीला आंदण ठेवून जाऊ का? वर इन्कम टॅक्समध्ये भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, वर्षभरात एक खिळा ठोकला नाही तरी, तिचं काय करता? महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४ वाचा जरा. दुरुस्ती मालकाची, नाही केली तर १५ दिवसांची नोटीस देऊन आपण करायची आणि भाड्यातून वळती करायची.

डोंबिवलीची_मालकीण : कलम अर्धंच वाचलंत. वळती करायची ती वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत, आणि मुळात करारात उलटं लिहिलेलं नसेल तर. शिवाय तुमचं ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असणार, म्हणजे कायद्याने तुम्ही भाडेकरूच नाही, लायसन्सी, नुसती राहायची परवानगी असलेले. आता माझं ऐका. आईचा वनबीएचके, भाडं ११ हजार, त्यावर तिची औषधं चालतात. आधीच्या लोकांनी नहाणी ट्रॅपची जाळी काढून उष्टा भात, केस, सगळं आत लोटलं. पावसाळ्यात खालच्या काकांच्या छताला पोपडे, मग फरशी उखडून वॉटरप्रूफिंग, ३८ हजार. त्या ३० टक्क्यांचं काय लोणचं घालू?

भाडोत्री_३बी : नहाणीत भात लोटणाऱ्यांची वकिली मी कुठे केली?

टँकरग्रस्त : गीझर मालकानेही मारला नाही न भाडेकरूनेही, टँकरच्या पाण्याने मारला. आमच्याकडे दर दीड-दोन वर्षांनी कॉइल जाते, नळाच्या जाळीत पांढरे खडे. कमिटीला पाण्यातला क्षार काढणारा सॉफ्टनर लावा म्हटलं की "पुढच्या एजीएमला, वार्षिक सभेला बघू". गेटवरची एलईडी कमान मात्र आठ दिवसांत उभी.

माजी_सेक्रेटरी : सॉफ्टनरला मीठ लागतं, तो धुवायला पाणी जातं, त्यासाठी मेंटेनन्स वाढवला की हेच लोक ग्रुपवर बोंबलतात. वर्षातून एकदा गीझर खोलून साफ करा, टाकी गंजू नये म्हणून आत असतो तो अ‍ॅनोड रॉड बघा. ते नको. आम्ही फुकट राबायचं आणि वर शिव्या खायच्या.

टँकरग्रस्त : फुकट? लिफ्टजवळचं पार्किंग कसं मिळालं ते सांगू का?

माजी_सेक्रेटरी : मी दुसऱ्या सोसायटीत राहतो हो! आणि पार्किंग चिठ्ठीने निघालं होतं.

टँकरग्रस्त : हो, चिठ्ठी सेक्रेटरींनाच बरी लागते.

डोंबिवलीची_मालकीण : सेक्रेटरींवरून आठवलं, फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी लावते ते नॉन ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत, आमच्याकडून दोन वर्षं जास्त उकळले.

माजी_सेक्रेटरी : बाई, तुमच्याही सोसायटीत मी नव्हतो.

भाडोत्री_३बी : धागा गीझरचा होता, आठवण म्हणून सांगतो.

डोंबिवलीची_मालकीण : बरं बाबा, २०१४ चा गीझर तुमच्या माथी मारणं चूकच. झालं समाधान? पण नळाचा वायसर गेला म्हणून रात्री साडेदहाला मालकाला फोन करू नका.

भाडोत्री_३बी : वायसर माझे मीच बदलतो. आत्ताच मालकांचा मेसेज आला, नव्याचे पैसे निम्मे-निम्मे. जुना भंगारात देऊन जे येतील ते मात्र त्यांचे.