सिंगल-एंडेड क्लास-ए: स्पीकरची वायर लावली की उजवा चॅनेल बिथरतो

चरईकर

नमस्कार मंडळी,

ठाण्यात, चरईत राहते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता, पण नोकरी महाप्यात सॉफ्टवेअरची, त्यामुळे सोल्डरिंग आयर्न हातातून सुटून बरीच वर्षं झाली. आता पुन्हा धरलंय ते बाबांसाठी. त्यांनी १९८१ साली सागवानी फळ्या आणून, गॅलरीत बसून, दोन स्पीकरच्या पेट्या केल्या होत्या, ८ ओमच्या. त्या पेट्यांना साजेसा ॲम्प घरात कधी आलाच नाही. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत. रोज सकाळी नाट्यसंगीत लावतात, तेही मोबाइलवर. मला ते त्यांच्याच पेट्यांवर ऐकवायचं आहे, आणि ॲम्प हातानं केलेला हवा आहे, तोही सिंगल-एंडेड क्लास-ए, म्हणजे स्पीकरला ढकलण्याचं काम एकाच ट्रान्झिस्टरवर आणि गाणं नसतानाही पूर्ण करंट वाहता. पाच-सहा वॅट मिळाले तरी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीला पुष्कळ.

सर्किट: २४ व्होल्टची एकच सप्लाय. इनपुटला बीसी५५७ हा छोटा ट्रान्झिस्टर, त्याच्या कलेक्टरवरून बीडी१३९ हा मधला. बीडी१३९च्या कलेक्टरला १०० आणि १२० ओम, बूटस्ट्रॅप केलेले (आउटपुटचा सिग्नल कंडेन्सरमधून परत त्यांच्या मध्ये दिलेला), आणि तिथून वरचा आउटपुट ट्रान्झिस्टर, एमिटर फॉलोअर (बेसवरचा सिग्नल एमिटरवर जसाच्या तसा, पण जादा करंटनं देणारा). खाली कॉन्स्टंट करंट सोर्स, म्हणजे करंट एकसारखा ठेवणारा भाग: दुसरा पॉवर ट्रान्झिस्टर, एमिटरला ०.४७ ओम ५ वॅट, बेसला दोन १एन४१४८ डायोड सिरीजमध्ये. फीडबॅक (आउटपुटचा काही भाग चूक सुधारायला परत आत) आउटपुटवरून बीसी५५७च्या एमिटरला. स्पीकरकडे २२०० मायक्रोफॅरडमधून.

डाव्या चॅनेलमध्ये पॉवर ट्रान्झिस्टर २एन३०५५ आहेत, बाबांच्या जुन्या एलिमिनेटरमधून काढलेले, मेटलचे. उजव्यासाठी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला गेले तर दुकानदार म्हणाला, आता ते कोण वापरतं, २एससी५२०० घ्या, ताकद जास्त. घेतले. दोन्ही चॅनेलचं बाकी सगळं एकसारखं आहे.

आता त्रास. ०.४७ ओमवरचा व्होल्टेज मोजून करंट काढते. डावा: चालू केल्यावर १.३२ ॲम्पिअर, वीस मिनिटांनी १.५५, आणि तरी चढतच असतो. उजवा: स्पीकर नसताना १.३५ वरून १.६. पण दोन मीटरची स्पीकरची वायर लावली की थेट १.९, आणि आउटपुटचा मधला व्होल्टेज १२.१ वरून १०.६ वर येतो. वायरला हात लावला तरी आकडा हलतो! बीडी१३९ला बोट टेकवत नाही. गाणं वाजतं, पण वरच्या सुरांना एक खरखरीत कड येते.

माझ्याकडे डीएसओ१३८ या छोट्या ऑसिलोस्कोपचं किट आहे. त्यात आउटपुटची रेषा सपाट दिसते, म्हणजे ऑसिलेशन (ॲम्पनं सिग्नल नसताना आपणहून थरथरत राहणं) नाही असं मी धरलंय. तेव्हा संशय ट्रान्झिस्टरवर: २एससी५२०० डुप्लिकेट असावेत का? बदलायला पुन्हा स्लो पकडून दादर, तिथून ग्रँट रोड करण्याआधी विचारतेय.

जुना रेडिओ, कळवा

ताई, आधी त्या सागवानी पेट्या सोडवून बाजूला ठेवा. आत्ताच. मग पुढचं वाचा. तुमचा उजवा चॅनेल ऑसिलेट करतोय, आणि असा ॲम्प सगळ्यात आधी ट्विटर जाळतो. १९८१चा ट्विटर आता परत मिळायचा नाही. चाचणीला ८.२ ओम १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स लावा.

डीएसओ१३८ वाईट नाही, पण त्याची झेप २०० किलोहर्ट्झपर्यंतच. तुमचा त्रास त्याच्या कितीतरी वर चाललाय, म्हणून तिथे सपाट रेषा दिसते. बाकी सगळी लक्षणं तुम्हीच लिहिली आहेत: वायर लावल्यावर मधला व्होल्टेज सरकणं, हात नेल्यावर आकडा हलणं, बीडी१३९ विनाकारण तापणं. मी चाळीस वर्षं रेडिओ आणि ॲम्प दुरुस्त केले. हात जवळ नेल्यावर डीसीचा आकडा हलला की मी मीटर खाली ठेवतो, कारण तेव्हा मीटर जे सांगतो त्याला अर्थ नसतो.

खात्री करायची तर घरातला सेलवरचा एएम रेडिओ घ्या. एलईडी ट्यूब, मोबाइलचा चार्जर, वायफाय सगळं बंद करा, नाहीतर त्यांचीच घरघर ऐकत बसाल. रेडिओ ॲम्पपासून हातभर अंतरावर धरून मिडियम वेव्हची सुई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. एखाद्या जागी भुणभुण येत असेल, ॲम्प बंद केल्यावर जात असेल आणि स्पीकरची वायर हलवल्यावर जागा बदलत असेल, तर चोर सापडला. तिथे नाही मिळाला तर शॉर्ट वेव्हवर बघा.

ट्रान्झिस्टर डुप्लिकेट आहेत असं यावरून ठरवता येत नाही. उलट ते जोरात पळणारे आहेत, हीच अडचण आहे. डेटाशीटमध्ये ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सी (जिथे ट्रान्झिस्टरची करंट वाढवण्याची ताकद संपते ती) बघा: २एन३०५५ची किमान २.५ मेगाहर्ट्झ, २एससी५२००ची ३०च्या आसपास. जुना ट्रान्झिस्टर मंद असल्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सीला स्वतःच गळून पडायचा आणि फीडबॅकचा लूप शांत राहायचा. नवा तिथेही जागा असतो, आणि तोपर्यंत बाकीच्या टप्प्यांचा उशीर साचून निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह होतो. जॉन लिन्सले हूड या इंग्रज डिझायनरचा १० वॅटचा क्लास-ए ॲम्प एप्रिल १९६९च्या वायरलेस वर्ल्ड मासिकात आला, तो त्या काळच्या मंद ट्रान्झिस्टरवर बेतलेला होता. त्यात आजचे वेगवान ट्रान्झिस्टर टाकणारे पुष्कळ जण याच खड्ड्यात पडतात. शिवाय एमिटर फॉलोअरला लांब वायरची कपॅसिटन्स मिळाली तर तो फीडबॅक नसतानाही नाचतो.

एक सांगा, बोर्डापासून हीटसिंकवरच्या ट्रान्झिस्टरपर्यंत वायर किती लांब आहे?

चरईकर

काका, पेट्या सोडवल्या. वायर १८ सेंटिमीटर आहे, तिन्ही पायांना. हीटसिंक मोठा मिळाला म्हणून बोर्ड लांब बसवावा लागला.

आणि रेडिओ! बाबांचाच होता कपाटात. १४०० किलोहर्ट्झच्या आसपास भुणभुण आली, स्विच बंद केल्याबरोबर गेली. डाव्या चॅनेलला काही नाही. बाबा शेजारी उभे राहून सुई फिरवत होते, त्यांना हे काम मनापासून आवडलं.

जुना रेडिओ, कळवा

मग आता क्रमानं करा, आणि प्रत्येक बदलानंतर रेडिओ धरून बघा. सगळं एकदम लावलं तर कशानं गुण आला ते कळणार नाही.

पहिलं, १८ सेंटिमीटरच्या वायर ५-६ वर आणा. हीटसिंकला भोकं नव्यानं पाडावी लागली तरी चालतील. दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टरच्या बेसला २२ ओमचा कार्बन रेझिस्टन्स, बोर्डावर नाही, ट्रान्झिस्टरच्या पायाला चिकटवून. वरच्याच्या कलेक्टरपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड, तोही पायाजवळ. बीडी१३९च्या कलेक्टर-बेसमध्ये ६८ पिकोफॅरड सिरॅमिक, लागलं तर १०० पर्यंत जा. याच्यामुळे लूपचा जोर वर जाताना शिस्तीत उतरतो. आउटपुटच्या जागी, २२०० मायक्रोफॅरडच्या आधी, १० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये ग्राउंडला, म्हणजे वर गेल्यावरही ॲम्पला रेझिस्टन्ससारखा लोड दिसेल. तो १० ओम निदान १ वॅटचा घ्या. ऑसिलेशन शिल्लक असेल तर तोच आधी करपतो आणि तुम्हाला वास येतो.

इनपुटला १ किलोओम आणि ३३० पिकोफॅरड. एवढं करूनही लांब वायरला कुरकुर राहिली तर १० ओम २ वॅटच्या रेझिस्टन्सवर एनॅमलची तार दहा वेढे गुंडाळून दोन्ही टोकं त्यालाच डाग मारा, आणि ते स्पीकरच्या सिरीजमध्ये घाला.

आता करंट चढण्याबद्दल. तो आजार वेगळा आहे, म्हणून डावा शांत असूनही चढतो. तुमचे दोन डायोड बोर्डावर गार बसलेत आणि ट्रान्झिस्टर हीटसिंकवर तापतोय. त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट उतरतो. ५० अंश तापला तर ०.१ व्होल्ट उतरला. डायोड मात्र आपला १.३ धरून बसलेत, म्हणजे तो ०.१ व्होल्ट ०.४७ ओमवर गेला. ०.२१ ॲम्पिअर वाढले. तुमचा डाव्याचा आकडा हाच सांगतोय. करंट वाढला की आणखी तापणार, मग आणखी वाढणार.

डायोड काढून बीसी५४७ लावा. त्याचा एमिटर ग्राउंडला, बेस २२० ओममधून ०.४७च्या वरच्या टोकाला, कलेक्टर पॉवर ट्रान्झिस्टरच्या बेसकडे जाणाऱ्या २२ ओमच्या अलीकडे, आणि तिथेच २४ व्होल्टवरून ६८० ओम २ वॅट. आता करंट ठरवणार बीसी५४७चे ०.६५ व्होल्ट, पॉवर ट्रान्झिस्टर कितीही तापू दे. बीसी५४७ जरासा गरम झाला तर करंट उलट थोडा कमी होतो. तसंच हवं.

ऐरोली सेक्टर ८

काकांनी सांगितलंय त्यात भर घालत नाही, फक्त सप्लायबद्दल विचारतो. दोन्ही चॅनेल मिळून २.८ ॲम्पिअर अखंड जाणार, गाणं असो वा नसो. ट्रान्सफॉर्मर आणि फिल्टर काय आहे?

चरईकर

०-१८ व्होल्ट ३ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, आणि एकच १०,००० मायक्रोफॅरड. गुणगुण आहे, पण ती या भांडणात मागे पडली होती. ट्रान्सफॉर्मर गरम होतो.

ऐरोली सेक्टर ८

होणारच. ब्रिजनंतर कंडेन्सर असला की ट्रान्सफॉर्मरमधला करंट छोट्या उंच ठोक्यांत जातो, त्यामुळे २.८ डीसीला त्याच्या तारेला ५ ॲम्पिअरच्या आसपास झेपलं पाहिजे. ०-१८ ५ ॲम्पिअरचा वाइंड करून घ्या.

रिपलचा (डीसीवर उरलेल्या चढउताराचा) ठोकळ हिशेब: आपल्या ५० हर्ट्झला ब्रिजनंतर १०० हर्ट्झ. २.८ भागिले (१०० गुणिले ०.०१ फॅरड), म्हणजे २.८ व्होल्ट पीक-टू-पीक. क्लास-बी ॲम्प शांत असताना करंट जवळपास शून्य असतो म्हणून हे ऐकू येत नाही. तुमचा क्लास-ए शांत बसूनही पूर्ण करंट ओढतो, त्यामुळे नेमका शांततेत रिपल ऐकू येतो.

प्रत्येक चॅनेलला वेगळा ०.४७ ओम ५ वॅट आणि पुढे आणखी १०,००० मायक्रोफॅरड लावा. व्होल्टेज ०.६५ जाईल, रिपल साधारण एक तृतीयांशावर येईल. बीसी५५७च्या बेसचा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारे दोन रेझिस्टन्स) सरळ २४ वरून आहे का? असेल तर अर्धा रिपल तुम्ही इनपुटलाच पाजताय. वरचा रेझिस्टन्स दोन भागांत तोडून मध्ये २२० मायक्रोफॅरड ग्राउंडला.

नेरुळचा विद्यार्थी

ताई, मीही असाच एक बांधतोय. एकच प्रश्न: नवीन बोर्ड पहिल्यांदा चालू करताना तुम्ही सिरीज बल्ब (मेनच्या वायरमध्ये जोडलेला, जादा करंट अडवणारा बल्ब) लावता का? माझा १०० वॅटचा बल्ब सतत पेटलेला राहतो, म्हणजे शॉर्ट आहे असं वाटून मी दोनदा सगळं उकललं.

जुना रेडिओ, कळवा

शॉर्ट नाही, बाळा. एका चॅनेलचाच २४ गुणिले १.३८, म्हणजे ३३ वॅट, सतत चालू असतो. तेवढ्यात बल्ब अर्धवट पेटणारच आणि सप्लायही खाली बसणार. क्लास-एला बल्ब फक्त पहिल्या दोन मिनिटांसाठी: धूर नाही, मधला व्होल्टेज सप्लायच्या निम्म्याच्या जवळ आहे, एवढं बघायचं. मग बल्ब काढून फ्यूजवर चालवायचं आणि ०.४७वर मीटर ठेवून अर्धा तास समोरून हलायचं नाही. आणि २एससी५२००च्या मागची पट्टी म्हणजे कलेक्टर, मायका आणि पेस्ट विसरू नको. हीटसिंकशी कंटिन्युइटी तपासून मगच स्विच.

चरईकर

रविवार आणि सोमवारची सुट्टी यात गेली. क्रमानं लिहिते.

वायर १८ वरून ६ सेंटिमीटर केल्या: रेडिओवरची भुणभुण १४०० वरून वर सरकली आणि क्षीण झाली, गेली नाही. बेसला २२ ओम: नुसत्या ॲम्पला गेली, दोन मीटर वायर लावली की परत आली. ६८ पिकोफॅरड: वायर लावूनही गेली. पण वायरच्या टोकाला मुद्दाम ०.०४७ मायक्रोफॅरड लावून बघितला, तेव्हा पुन्हा एकदा आली. १० ओम-०.१ची जोडी आणि तारेचे दहा वेढे बसवल्यावर त्यालाही गप्प झाली. त्यानंतर शॉर्ट वेव्हच्या दोन्ही बँडवर सुई फिरवली, काही नाही. बीडी१३९ला आता बोट ठेवता येतं, लहान पत्रा लावला आहे. दुकानदाराबद्दल मनात किंतू धरला होता, तो चुकीचा होता.

मग दोन्ही चॅनेलमध्ये डायोड काढून बीसी५४७. उजवा: चालू करताना १.३९, तासाभरानं १.३३, आणि पुढे दुसऱ्या तासात तिथेच. डावा १.३७ वरून १.३२. मधला व्होल्टेज १२.१ आणि १२.०, वायर लावा, काढा, हात लावा, काहीही करा. हे शेवटचं मी पाच-सहा वेळा करून बघितलं, कारण विश्वास बसत नव्हता. पंखा बंद करून, खिडकी लावूनही बघितलं. हीटसिंकला हात तीन-चार सेकंद ठेवता येतो.

डिव्हायडरमध्ये आधी १० मायक्रोफॅरड होता, २२० केला. सप्लायचे जादा कंडेन्सर बसवले. गुणगुण आता कान स्पीकरला लावल्यावर येते, खुर्चीवर नाही. ट्रान्सफॉर्मर मात्र अजून तोच ३ ॲम्पिअरचा आहे, म्हणून एका वेळी एकच चॅनेल चालवते. ५चा वाइंडिंगला टाकलाय, शनिवारी मिळेल.

सोमवारी संध्याकाळी डावी पेटी जोडली. बाबांनी जवळ येऊन ट्विटरवर हात धरला, मग दोन पावलं मागे जाऊन बसले आणि म्हणाले, तबल्याची शाई ऐकू येते. दुसरी पेटी कधी, असं तीनदा विचारून झालंय.

काका, शनिवारी ट्रान्सफॉर्मर आल्यावर दोन्ही चॅनेलचं ग्राउंड कुठे एकत्र आणू, सप्लायच्या कंडेन्सरवर की इनपुटच्या सॉकेटपाशी?

जुना रेडिओ, कळवा

दुसऱ्या कंडेन्सरच्या मायनसवर, एकाच बोल्टला. स्पीकरची परतीची वायर थेट तिथे, बोर्डाचं ग्राउंड वेगळ्या वायरनं तिथे. इनपुट सॉकेट कॅबिनेटच्या पत्र्यापासून इन्सुलेट ठेवा, पत्रा त्या बोल्टला एकाच जागी जोडा आणि मेनच्या अर्थिंगची पिन पत्र्याला. पहिल्या कंडेन्सरच्या मायनसवर इनपुटचं ग्राउंड चुकूनही नको, तिथे चार्जिंगचे ठोके असतात.

शनिवारी दोन्ही चॅनेल चालू केलेत की तासाभरानंतरचे आकडे इथे टाका.