मदत हवी आहे: धमकी आली की शिपाई-मावशींनी वर्ग तपासायचे?

शुभ्रा_क: उद्या मीटिंग आहे, त्याआधी उत्तर हवंय. परवाच्या प्रकारात मुलांना घेऊन टीचर ग्राउंडवर गेले आणि आम्हा ऑफिसवाल्यांना, शिपायांना, मावशींना सांगितलं सगळे वर्ग, बाथरूम, स्टोअर बघून या. एक मावशी तर दप्तरं उचलून हलवून बघत होत्या! पोलीस आले तेव्हा त्यांनीच आम्हाला बाहेर काढलं. आता नवीन प्लॅनमध्ये परत तेच, 'तपासणी सपोर्ट स्टाफ करेल'. लेखी काय मागू?

वाटसरू: कसला प्रकार? फोन, मेल, की कुणी आत घुसलं होतं? प्रत्येक वेळी वागायचं वेगळं असतं.

शुभ्रा_क: मेल. बॉम्बचा. अफवा निघाली.

रात्रपाळी: मी सिक्युरिटीत आहे. स्टाफने बघणं अगदीच चूक नाही, रोजच्या जागेत नवीन काय आलंय ते तिथल्या माणसालाच पटकन कळतं. पण फक्त नजर टाकायची, हात लावायचा नाही, काही दिसलं की लांब व्हायचं आणि तिथे उभं राहून मोबाईल किंवा वॉकीटॉकी वापरायचा नाही.

कोरा_कागद: मग टीचरनेच वर्ग सोडताना नजर टाकावी ना, वर्ग त्यांच्या ओळखीचा. रिकाम्या बिल्डिंगमध्ये मावशींना परत का पाठवायचं? त्यांचा जीव स्वस्त आहे का?

रात्रपाळी: मी परत पाठवा म्हटलंच नाही. नीट वाचा.

कडीकोयंडा: सगळ्यात आधी आतून लॉक होणारे दरवाजे मागा. अमेरिकेत सँडी हूक शाळेत २०१२ मध्ये गोळीबार झाला तेव्हा वर्गाचं दार किल्लीने बाहेरूनच लॉक व्हायचं, युवाल्डीच्या शाळेत २०२२ च्या गोळीबारात पण तेच. ऑफिसलाही लॉक हवं, बाहेरचा माणूस आधी तिथेच येतो.

शुभ्रा_क: अहो, मी बॉम्बचं विचारतेय.

वाटसरू: त्यांचा मुद्दा घुसखोरासाठी बरोबर आहे, इथला नाही. पण प्लॅनमध्ये दोन्हींचा इशारा वेगळा आहे का ते बघा. अमेरिकेतच पार्कलँडच्या शाळेत २०१८ मध्ये गोळीबाराच्या धूर-धुळीने फायर अलार्म वाजला आणि लोक कॉरिडॉरमध्ये आले. एकाच घंटेवर बाहेर पळा आणि आत लपा दोन्ही होत नाही.

निळाई: मेल डिलीट करू नका. आणि फोन आला तर ठेवायचा नाही, बोलत ठेवायचं, शब्द जसेच्या तसे लिहायचे, मागे कसले आवाज येतात तेही. फोन उचलणाऱ्या क्लार्कला हे कुणीच शिकवत नाही, चिडच येते.

पाऊलवाट: कॅमेरे कुठले चांगले? आमच्या सोसायटीला घ्यायचेत.

कोरा_कागद: वेगळा धागा काढा. शुभ्राताई, ग्राउंडवर तुमची हजेरी झाली का?

शुभ्रा_क: मुलांची झाली, टीचरची झाली. आमची कसली.

कोरा_कागद: हेच पहिलं मागा! सफाईवाले, ड्रायव्हर, कॉन्ट्रॅक्टवाले, सगळ्यांची नावं एका यादीत आणि ती घेऊन बाहेर पडणारा माणूस ठरलेला. आत कोण राहिलंय हेच माहीत नसेल तर पोलिसांना काय सांगणार?

रात्रपाळी: हे मात्र शंभर टक्के बरोबर. सोबत लिहा की बिल्डिंग रिकामी झाल्यावर आत जायचं ते पोलीस आणि बॉम्बशोधक पथकानेच, आणि नाही म्हणणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई नको.

शुभ्रा_क: लिहिते. प्लॅनवर मावशींच्या पण सह्या घेतायत, काय करू?

वाटसरू: सही आधी नको. त्यांना अख्खा प्लॅन वाचून दाखवा, तपासणीची ओळ बदलू दे, मग बघा.